मोले : दुकानात पडून राहिलेल्या सोफ्याचं प्रकरण

१९५७ साली ओट्टो स्टुपाकॉफ या बावीस वर्षांच्या ब्राझिलियन छायाचित्रकाराने सेर्जिओ रॉड्रिगेसकडे एक सोफा मागितला. स्टुडिओत ठेवायचा होता. त्यावर ऐसपैस लोळता यावं एवढीच अट होती, आणि खिशात फारसे पैसे नाहीत हेही त्याने आधीच सांगून टाकलं. रॉड्रिगेस तेव्हा तिशीला टेकलेला, शिक्षणाने वास्तुरचनाकार, आणि रिओ दि जानेरोत इपानेमाला ‘ओका’ नावाचं फर्निचरचं दुकान चालवणारा. त्याने सोफा तयार केला आणि तो दुकानाच्या काचेमागेही मांडला. कितीतरी महिने त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.

चारच वर्षांनी त्याच रचनेच्या आरामखुर्चीने इटलीतल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिलं बक्षीस पटकावलं. ‘मोले’ म्हणजे मऊ, सैल. याच नावाने ती आज ओळखली जाते, आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही आहे. घरच्यांनी नाकारलं, परक्यांनी डोक्यावर घेतलं, मग घरच्यांचे डोळे उघडले, अशा साच्यात ही गोष्ट सहसा सांगितली जाते. साचा खोटा नाही. पण त्यात दोन प्रश्न दबून राहतात. ती आधी खपली का नाही? आणि कमी पैशांत मागितलेली वस्तू श्रीमंतांच्या दिवाणखान्यात कशी जाऊन बसली?

आधी माणूस पाहू. रॉड्रिगेसचा जन्म १९२७चा, रिओचा. घराणं वर्तमानपत्रवाल्यांचं आणि वादळी. नाटककार नेल्सन रॉड्रिगेस त्याचे काका. दुसरे काका मारिओ फिल्यो क्रीडापत्रकार, ज्यांचं नाव माराकाना स्टेडियमला अधिकृतपणे दिलेलं आहे. वडील रोबेर्तो चित्रकार होते. १९२९च्या डिसेंबरात, घराण्याच्या मालकीच्या वर्तमानपत्रात आपल्याविषयी छापून आलेल्या मजकुराने संतापलेली एक बाई कचेरीत शिरली. तिला हवे होते सेर्जिओचे आजोबा, म्हणजे वर्तमानपत्राचे मालक. ते जागेवर नव्हते, म्हणून तिने रोबेर्तोंवर गोळी झाडली आणि काही दिवसांत ते गेले. सेर्जिओ तेव्हा दोन वर्षांचा होता. या प्रसंगाचा खुर्चीशी संबंध जोडायचा मोह मी टाळतो. वडिलांचा चित्रकाराचा हात मात्र मुलात उतरला होता. आपल्या खुर्च्यांवर माणसं कशी कशी लवंडतात याची त्याने पुढे काढलेली व्यंगचित्रं पाहिली, तर कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्यांतून जास्त कळतं.

पदवीनंतर तो कुरितिबा शहरात सरकारी इमारतींच्या मोठ्या संकुलाच्या कामावर गेला. तिथेच इटालियन हाउनर बंधूंबरोबर त्याने आधुनिक फर्निचरचं दुकान काढलं. ते चाललं नाही. मग काही काळ साओ पाउलोच्या ‘फोर्मा’ कंपनीत अंतर्गत सजावटीचं काम, आणि १९५५ साली रिओत परत येऊन ‘ओका’. मूळ रहिवाशांच्या झोपडीचं नाव दुकानाला देणं हाच एक पवित्रा होता. त्याच्या आधीच्या वर्षी त्याने ‘मोशो’ नावाचं एक स्टूल केलं होतं. धार काढायला बसतात त्या गोठ्यातल्या तिपाईवरून बेतलेलं, पण शहरी घरात शोभेल इतकं रेखीव. म्हणजे स्टुपाकॉफने सोफा मागितला तेव्हा रॉड्रिगेसची दिशा आधीच ठरलेली होती.

काळ कुठला होता तेही लक्षात घ्यायला हवं. पन्नास वर्षांची प्रगती पाच वर्षांत, अशी घोषणा देऊन जुसेलिनो कुबिचेक राष्ट्राध्यक्ष झाले होते. ओसाड पठारावर ब्राझिलिया ही नवी राजधानी उभी राहत होती. तिचं उद्घाटन २१ एप्रिल १९६०ला झालं. ऑस्कर नीमायर आणि लुसिओ कोस्टा या वास्तुरचनाकारांमुळे ब्राझिलची वास्तुकला जगभर छापून येत होती, पण त्या इमारतींच्या आत बसायचं कशावर, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत राहिला होता. पैसेवाल्यांच्या घरांत पोर्तुगीज वळणाच्या कोरीव नकला असत. जे स्वतःला आधुनिक म्हणवत, त्यांच्या घरांत काडीसारख्या बारीक, तिरक्या पायांच्या खुर्च्या. ही काड्यांच्या पायांची फॅशन तेव्हा इतकी बोकाळली होती, की टेबल, रेडिओ, कपाट, सगळंच जमिनीपासून अधांतरी झाल्यासारखं दिसे.

या प्रश्नाला उत्तरं देणारा रॉड्रिगेस एकटा नव्हता. पोर्तुगालच्या सुतार घराण्यातून आलेल्या जोआकिम तेन्रेइरोने १९४२ सालीच ‘लेवे’ ही हलकी आरामखुर्ची केली होती. ब्राझिलच्या हवेला फर्निचर हलकंच हवं, असं त्याचं ठाम मत. लाकूड तेच देशी, पण शक्य तितकं तासून काढलेलं, बैठक बऱ्याचदा वेताची. झानिने काल्दासने प्लायवूडचे तक्ते कापून, तुकडा वाया न घालवता, मध्यमवर्गाला परवडेल असं फर्निचर कारखान्यात बनवलं. मोलेच्याच वर्षी, १९५७ला, पाउलो मेंदेस दा रोशा या तरुण वास्तुरचनाकाराने साओ पाउलोच्या एका क्लबसाठी जवळपास एकाच वाकवलेल्या पोलादी सळईवर चामडं चढवून ‘पाउलिस्तानो’ खुर्ची केली. या तिघांच्या शेजारी मोले ठेवून पाहा. तेन्रेइरो वजन कमी करतोय, झानिने खर्च कमी करतोय, मेंदेस दा रोशा भागांची संख्या कमी करतोय. रॉड्रिगेसने काहीच कमी केलं नाही. उलट सगळं वाढवलं.

आता प्रत्यक्ष वस्तू. चार जाडजूड कातलेले पाय, मध्ये फुगलेले, टोकांना निमुळते. त्यांना जोडणाऱ्या तितक्याच दणकट आडव्या दांड्या. सगळं जाकारांदाच्या भरीव लाकडात. (आपल्याकडे रस्त्याकडेला जांभळी फुलं येणारा जॅकरांडा, म्हणजे नीलमोहर, तो हा नव्हे. हा डाल्बेर्जिया कुळातला, आपल्या शिसवीचा सख्खा चुलतभाऊ.) इथवर ही एखाद्या मठातल्या बाकासारखी कडक चौकट आहे. गंमत पुढे आहे. या चौकटीत फळी नाही, स्प्रिंग नाही. दांड्यांवरून जाड चामड्याचे पट्टे आडवे-उभे ताणले आहेत आणि त्यांचा ताण कमी-जास्त करता येतो. आपल्या बाजेला नवार विणतात आणि सैल पडली की पायथ्याशी ओढून घेतात, तत्त्व तेच. या पट्ट्यांच्या झोळीवर चामड्याच्या गुबगुबीत गाद्या टाकलेल्या असतात. बैठक, पाठ आणि दोन्ही हात यांच्या गाद्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे अख्खं प्रकरण चौकटीवरून गोधडीसारखं बाहेर ओघळतं. ते कुठेही खिळ्याने किंवा शिलाईने लाकडाला पक्कं केलेलं नाही. उचलून बाजूला ठेवता येतं.

नेहमीच्या सोफ्यात लाकूड, स्प्रिंग, भरण आणि कापड एकमेकांत असे शिवून टाकलेले असतात, की एक बिघडलं तर चौघांनाही उघडावं लागतं. मोलेत तीन थर स्वतंत्र आहेत. चौकट भार पेलते, पट्टे अंगाच्या आकाराप्रमाणे खाली जातात, गादी मऊपणा देते. एक थर बदलला म्हणून दुसऱ्याचं काही अडत नाही. पट्टा तुटला तर पट्टा बदला, गादी दबली तर गादी भरून घ्या. माझ्या मते रॉड्रिगेसचं खरं कसब इथे आहे. लेखांत मात्र बहुतेक वेळा बोलणं होतं ते लाकडाच्या रंगाविषयी आणि ब्राझिलियन सैलपणाविषयी.

मग खपली का नाही? काळाची फॅशन काडीच्या पायांची, आणि ही मेजाच्या खांबांइतके पाय घेऊन आलेली. काचेमागे उभ्या केलेल्या इतर खुर्च्या कुणी बसलेलं नसतानाही नीटनेटक्या दिसत. मोले रिकामी असतानाही कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी चुरगळलेली दिसते. फर्निचर विकत घेणारा माणूस पाहुण्यांना काय दिसेल याचा विचार आधी करतो, आणि १९५७च्या रिओत पाहुण्यांसमोर ताठ बसायचीच रीत होती. मोलेत ताठ बसताच येत नाही. बसलं की ढुंगण गुडघ्यांच्या खाली जातं, हात आपोआप बाजूला पडतात, आणि पाच मिनिटांत एक पाय खुर्चीच्या हातावर चढतो. परकर सावरत किंवा सूट घालून या खुर्चीत शिरणं आणि तिच्यातून उठणं हे दोन्ही अवघडच. गिऱ्हाईक बिचकलं यात त्याची चूक फारशी नव्हती. खुर्ची बसण्याची एक पद्धत मागत होती, आणि ती पद्धत दिवाणखान्यात अजून रुजायची होती. स्टुपाकॉफचा स्टुडिओ या नियमाला अपवाद होता. तिथे कॅमेरा लागेपर्यंत ताटकळणारी माणसं होती, शिष्टाचार नव्हता.

वळण आलं १९६१ला. इटलीत मिलानच्या उत्तरेला कांतू नावाचं गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या फर्निचर करणाऱ्यांचं. तिथे आंतरराष्ट्रीय फर्निचर स्पर्धा भरत असे. या स्पर्धेत भाग घे, असा आग्रह रॉड्रिगेसला कार्लोस लासेर्दाने केला, असं सांगितलं जातं. लासेर्दा म्हणजे राजधानी हलल्यावर रिओ शहराचं जे ग्वानाबारा राज्य झालं, त्याचा गव्हर्नर. सोफ्याची आरामखुर्ची होऊन स्पर्धेला गेली. चारशेहून जास्त प्रवेशिकांतून तिला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांत डेन्मार्कचा आर्ने याकोबसेन होता, आणि ही गोष्ट मला बक्षिसाइतकीच बोलकी वाटते. याकोबसेनच्या स्वतःच्या खुर्च्या प्लायवूडच्या पातळ, एका रेषेत वळवलेल्या, मोलेच्या अगदी उलट्या टोकाच्या. परीक्षकांच्या अभिप्रायाचा मथितार्थ असा : चौकट रूढ पद्धतीची असली तरी वस्तू आजची आहे, फॅशनच्या मागे गेलेली नाही, आणि ती जिथून आली त्या प्रदेशाची पूर्ण साक्ष देते.

यानंतर इटलीतल्याच बेर्गामोच्या ‘ईसा’ कंपनीने उत्पादनाचे हक्क घेतले आणि ती खुर्ची देशोदेशी विकली. विकताना तिचं नाव ठेवलं ‘शेरिफ’. ब्राझिलची साक्ष म्हणून बक्षीस मिळवलेली खुर्ची बाजारात आली ती अमेरिकन काऊबॉयपटातल्या फौजदाराच्या नावाने. जाडजूड लाकूड आणि चामड्याचे पट्टे दिसले की युरोपातल्या गिऱ्हाइकाला खोगीरच आठवणार, हा विक्रेत्यांचा हिशेब असावा. रॉड्रिगेसने त्यावर फार आकांडतांडव केल्याचं दिसत नाही.

इथून मोलेभोवती एक दंतकथा जमायला लागली, ती आजही टिकून आहे. ही खुर्ची म्हणजे ब्राझिलचा स्वभाव : आळसावलेला, उबदार, मनमोकळा. मूळ रहिवाशांच्या झोळीचं, म्हणजे हॅमॉकचं, हे आधुनिक रूप. यातला झोळीचा भाग रचनेच्या दृष्टीने पटतो, कारण पट्ट्यांचं काम तेच आहे. स्वभावाचा भाग मला खटकतो. वसाहतीच्या काळात ब्राझिलमध्ये झोळी मूळ रहिवाशांच्या घरात होती, तशीच ती मालक लोकांना खांद्यावरून वाहून नेणाऱ्या पालखीसारखीही होती. खांदे अर्थात गुलामांचे. आरामात पसरून बसणं ही तिथे सगळ्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट कधीच नव्हती. १९५०च्या दशकात ईशान्येकडच्या दुष्काळी भागातून ट्रकांत दाटीवाटीने बसून ब्राझिलिया बांधायला आलेल्या मजुरांना कुणी आळशी म्हटलं असतं का? त्या मजुरांना ‘कांदांगो’ म्हणत. बांधकामात दगावलेल्या दोघांच्या स्मरणार्थ ब्राझिलिया विद्यापीठाच्या सभागृहाला ‘दोईस कांदांगोस’ असं नाव आहे, आणि त्या सभागृहाच्या खुर्च्या रॉड्रिगेसच्याच. म्हणजे स्वभावाच्या दंतकथेला छेद देणारं कामही त्याच माणसाच्या खात्यावर आहे. त्याची आठवण मात्र मोलेच्या दहावा हिस्साही निघत नाही.

पैशाचा प्रश्न इथेच घेऊ. स्टुपाकॉफला स्वस्त सोफा हवा होता, आणि रॉड्रिगेसने भरपूर भरीव लाकूड, भरपूर चामडं आणि भरपूर हातकाम लागणारी रचना दिली. १९५७च्या ब्राझिलमध्ये हे आजच्याइतकं विसंगत नव्हतं. जाकारांदा तेव्हा उपलब्ध होता, चामडं गुरांच्या देशात मुबलक, कातारी आणि चामड्याचे कारागीर कमी मजुरीत मिळत. स्प्रिंग आणि चांगलं भरण यांपेक्षा पट्टे स्वस्त पडत असतील, हेही शक्य आहे. पण ही स्वस्ताई तिथल्या लाकडाच्या आणि मजुरीच्या दरावर उभी होती, रचनेत ती नव्हती. दर बदलले की खुर्ची महाग होणारच. शिवाय मोले यंत्राला सहज शरण जात नाही. झानिनेचा प्लायवूडचा तुकडा अर्धकुशल कामगार दिवसभर कापू शकतो. मोलेचा प्रत्येक पाय कातावा लागतो, प्रत्येक पट्टा ताणून बघावा लागतो.

रॉड्रिगेसला हे उमगलेलं होतं. १९६३ साली त्याने ‘मेया-पताका’ नावाने स्वस्त, साध्या फर्निचरचं वेगळं दुकान काढलं. मोलेचीही ‘मोलेका’ ही सुटी करून बांधून नेता येणारी आवृत्ती त्याच सुमाराची. लाकडी घरांचे सुटे भाग आधी बनवून जागेवर जोडायची पद्धतही त्याने १९६०च्या सुमारास मांडली होती. म्हणजे गरजू गिऱ्हाइकाचा विचार त्याच्या डोक्यातून गेलेला नव्हता. पण ‘ओका’चं नाव झालं होतं ते दूतावास, मंत्रालयं आणि पैसेवाल्यांच्या घरांमुळे. रोममधल्या ब्राझिलच्या दूतावासात त्याचं फर्निचर गेलं, ब्राझिलियाच्या कचेऱ्यांत गेलं. १९६४ला लष्कराने सत्ता घेतली. १९६८ला रॉड्रिगेस ‘ओका’तून बाहेर पडला आणि पुढची कित्येक वर्षं स्वतःच्या कार्यालयातून कामं करत राहिला. तेन्रेइरोनेही त्याच सुमारास फर्निचर सोडून चित्र आणि शिल्प हाती घेतलं. त्या पिढीतल्या बहुतेकांचं फर्निचर नंतरची वीसेक वर्षं जुन्या बाजारात किंवा माळ्यावर गेलं. त्याला पुन्हा भाव आला तो विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी.

तेन्रेइरोच्या बाजूने करता येईल अशी एक तक्रार मला आजही रास्त वाटते. रिओसारख्या दमट, समुद्राकाठच्या शहरात उघड्या अंगाला चिकटणारं इतकं चामडं कशासाठी? वेताची बैठक हवा खेळवते, वाळते, हलकी राहते. हे शहाणपण पोर्तुगीज जगात दूरवर पसरलेलं होतं. गोव्यातल्या जुन्या घरांतली शिसवी, वेताच्या बैठकीची सोफे-खुर्च्यांची जोडणी पाहिलेल्याला तेन्रेइरोची खुर्ची ओळखीची वाटेल, मोले वाटणार नाही. चामड्याची मोले वातानुकूलित खोलीत किंवा युरोपातल्या थंडीत जास्त रमते. इटलीत ती खपली याचं हेही एक साधं कारण असेल.

आता लाकूड. जाकारांदा-दा-बाहिया, शास्त्रीय नाव डाल्बेर्जिया निग्रा, वाढतो ब्राझिलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात. वाढ संथ, गाभा काळपट जांभळा, पॉलिश घेतलं की आतून रेषा चमकतात. वसाहतीच्या काळापासून ते पियानो-गिटारपर्यंत सगळ्यांना तो हवा होता. शेती, वस्ती आणि तोड यांनी ते जंगल मूळच्या जेमतेम बारा टक्क्यांच्या आसपास आणून ठेवलं. फर्निचरवाल्यांनीच जंगल संपवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. ऊस, कॉफी आणि गुरं यांचा वाटा कितीतरी मोठा. पण त्या सुंदर खुर्च्यांच्या कॅटलॉगांत या जंगलाचा उल्लेख चुकूनच सापडतो. १९९२ साली वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराने जाकारांदा सर्वांत कडक यादीत, परिशिष्ट एकमध्ये, टाकला. तेव्हापासून या लाकडाची जुनी मोलेसुद्धा एका देशातून दुसऱ्या देशात विकायची तर ती बंदीच्या आधीची आहे याचे कागद लागतात. लिलावात मोलेचा भाव चढण्यामागे दुर्मीळपणाचा हा कायदेशीर भागही आहे. २०१७च्या जानेवारीपासून डाल्बेर्जियाचं उरलेलं कुळही परिशिष्ट दोनमध्ये आलं, आणि त्यात आपली शिसवीही होती. निर्यातीच्या फर्निचरवाल्यांना त्याची झळ इथेही बसली.

मोले बनायची थांबली मात्र नाही. २००१ला कुरितिबाच्या ‘लिनब्राझिल’ने रॉड्रिगेसच्या संमतीने त्याचे जुने नमुने पुन्हा काढायला सुरुवात केली. तो स्वतः २०१४ साली, वयाच्या ८६व्या वर्षी गेला. तोवर नव्या खुर्च्या काढतच होता. नव्या मोलेत जाकारांदा नाही. तावारीसारखं दुसरं, फिकट लाकूड वापरतात, हवं तर गडद पॉलिश देतात. संग्राहक यावर नाक मुरडतात. त्यांना जाकारांदाचीच हवी असते, आणि तिच्यासाठी ते वाटेल तेवढे मोजतात. पण रचनेच्या बाजूने पाहिलं तर लाकूड बदलून, कारखाना बदलून, मधल्या काळात देश आणि नावसुद्धा बदलून खुर्चीत बसण्याचा अनुभव जिथल्या तिथे राहिला. पट्टे तसेच खाली जातात, गादी तशीच चौकटीवरून ओघळते. लाकूड हा मोलेचा आत्मा असता, तर तावारीतली मोले पहिल्याच बैठकीत उघडी पडली असती.